ताईच्या तळहाताची ऊब

आमच्या दाजींइतका बेभरवशाचा पाहुणा आणि त्यांच्याइतका भरवशाचा रसायनशास्त्रज्ञ अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जिंतूरच्या कॉलेजात प्राध्यापक. डाळीत, दुधात, आपल्या अंगात जी अमिनो आम्लं असतात, ती मण्यांसारखी ओवून लांबलचक साखळी करायची आणि आंबट लागलं, ऊब लागली की रूप पालटणारं पॉलिमर घडवायचं, हा त्यांचा ध्यास. खिशात रुमाल नसेल, पण पॉलिमरच्या पाण्याची बाटली असायचीच. चुडाव्याच्या एका लग्नात त्यांनी पानातलं लिंबू वरणाऐवजी बाटलीत पिळलं आणि आतलं पाणी पांढरं होताच भर पंगतीत "जमलं!" म्हणून आरोळी ठोकली. वाढपी दचकून जिलबीची परात घेऊन जो मागं सरला, तो आमच्याकडं फिरकलाच नाही. दाजींना त्याचं काही नाही. मला मात्र ती जिलबी अजून आठवते.

पण त्यांचं लाडकं पॉलिमर वेगळंच. गार पाण्यात नितळ राहायचं आणि तळहाताच्या उबेला दुधाळ व्हायचं. पुढंमागं ते औषध घेऊन शरीरात नेमक्या जागी थांबेल, अशी त्यांना खात्री. नेमकी ऊब राखणारं यंत्र कॉलेजात नव्हतं. मग रोज संध्याकाळी घरच्या माठातून गार बाटली काढायची आणि म्हणायचं, "अगं, हात दे बरं." चारचौघांत बायकोशी बोलायला लाजणारा हा माणूस विज्ञानासाठी खुशाल तिचा हात धरून बसायचा. ताई पिठाचा हात पदराला पुसत म्हणायची, "लवकर करा, तवा तापायलाय."

प्रयोगशाळेला संशोधन केंद्राची मान्यता मिळाली, तर जिंतूरच्या मुलींना पीएचडीसाठी गाव सोडावं लागणार नव्हतं. दाजींचा सारा जीव त्यात अडकलेला. आणि तपासणी समिती आली ती ऐन मे महिन्यात, भर दुपारी, वीज गेलेली असताना! टेबलावरची बाटली आधीच ताकासारखी पांढरी. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचं पॉलिमर तर बिघडलंय."

"पॉलिमर बरोबर हाय साहेब, परभणीचा उन्हाळा अंगापेक्षा गरम हाय," असं म्हणून दाजींनी बाटली शिपायाच्या माठात बुडवली. पाणी नितळ झालं. मग ती त्यांनी अध्यक्षांच्या मुठीत दिली आणि ती पुन्हा दुधाळ झाली. "किती उबेला पालटतं, ते इतकं नेमकं मोजलंत कशानं?" अध्यक्षांनी विचारलं. दाजी खोटं बोलायला शिकलेच नव्हते. म्हणाले, "बायकोच्या हातानं."

समिती पोट धरून हसली, पण मान्यता मिळाली. पाठोपाठ यंत्रही आलं.

त्यानंतर एकदा मी मुक्कामाला होतो. संध्याकाळी ताईनं सवयीनं हात पुसून पुढं केला. "आज बाटली न्हाई आणली का?"

"आता यंत्र हाय की."

ताई हात मागं घेऊन भाकरीकडं वळली. मला उगीचच वाईट वाटलं. दाजींनीही त्या दिवशी एक भाकरी कमीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी यंत्रानं मोजून झालेली बाटली घरच्या माठात होती. दाजी चुलीजवळ बसत म्हणाले, "यंत्राचा काय भरवसा! हात दे बरं."