उंबऱ्यावरची सेंट्री

आमचे हे फौजेत हवालदार होते. पेन्शन घेऊन कडेगावला आले, ऊस केला आणि सहाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सातारला डायलिसिस. पाचला गाडी, आठला सुई, दुपारी परत. हे त्याला पेट्रोलिंग म्हणत.

मी चौथी शिकलेली. डॉक्टरांनी दिलेला कागद मला वाचता येत होता. पाणी मोजून, भाजी उकळून पाणी टाकायचं, केळी आणि शहाळं बंद, त्यातल्या क्षारानं हृदय थांबू शकतं. कागद फळीवर चिकटवला. यांचा तांब्या वेगळा केला. यांची दाढीही मीच करायला गेले, तर म्हणाले, "हात शाबूत हायत माझं." मग मी आरसा आणि वस्तरा नुसता जवळ ठेवू लागले.

एका रविवारी तीन वाजता सुभेदारसाहेब आले. यांचे जुने वरिष्ठ, शेजारच्या गावचे. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कोणी येत नाही. त्यांनी चार शहाळी आणली.

"पी गड्या. तोंड बघ कसं सुकलंय."

"साहेब, मनाई हाय."

"डॉक्टर माझ्यापरास सिनियर हाय व्हय? पी. ऑर्डर हाय."

साहेबांचा शब्द यांनी पेन्शनीतही मोडला नव्हता. दोन शहाळी प्याले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कागदावरची ओळ पाठ होती. मोठ्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही.

सोमवारी सकाळी सहाला यांचे पाय उचलेनात. छातीचे ठोके चुकत होते. जीप करून सातारला नेलं. नर्सबाईंनी विचारलं, "काय खाल्लं? काय प्यायलं?" यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. साहेबांवर बोल येईल म्हणून.

"शहाळी. दोन," मी म्हणाले. "मी बघत हुते."

लगेच मशीन लावलं. एक वाजता डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

"बोललीस की गं," हे म्हणाले. "आता दारावर पहाऱ्याची सेंट्री तू. सेंट्रीपुढं जनरलबी थांबतो."

"मला न्हाई जमायचं."

"भाषण नगं. थांबा म्हण. बास."

पंधरा दिवसांनी साहेब पुन्हा आले. हातात शहाळीच. मी फळीवरचा कागद सोडवून घेतला आणि उंबऱ्याशी गेले.

"थांबा."

साहेब थांबले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग आत बघून म्हणाले, "हवालदार, सेंट्री लय कडक हाय रं तुझी."

"ट्रेनिंग घरचंच हाय, साहेब."

शहाळी बाहेर राहिली. दोघं सीमेवरच्या जुन्या पोस्टवरच्या गोष्टी करत दिवस मावळेपर्यंत बसले. तिथंच कामी आलेल्या एका लान्स नाईकचं नाव हे दोनदा घेताना ऐकलं. त्या दिवशी हे पोटभर जेवले. पुढे साहेब दर रविवारी यायचे, रिकाम्या हातानं.

गेल्या थंडीत हे गेले. तेराव्याला साहेब आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. हातात एक शहाळं होतं. लोक आत बोलवत होते, तरी येईनात. मी पुढे गेले.

"वयनी," ते म्हणाले, "आता चालंल का?"

"चालंल," मी म्हणाले, आणि यांच्या फोटोकडे जायला वाट दिली.