गाऱ्हाण्यातली एक ओळ

सुलू देवाला चुकवणारी बाई नव्हती. शहरात, हाटकेशला एका खोलीत संसार, पॅकिंगच्या गाळ्यात आठ तास उभ्याने काम. तरी दर शिमग्याला ती राजापूरकडच्या गावी जायचीच आणि पालखी दारात आली की ओटी भरायची. एवढं करून दोन वर्षांपूर्वी तिचा अनिश डेंग्यूने गेला. सात वर्षांचं पोर, सहा दिवसांत. आणि आता धाकट्या नेहाला तोच ताप.

प्लेटलेट्स काल तीस हजार होत्या, आज सकाळी अठरा. नवरा शिवा रक्तपेढीत पिशवीसाठी धावला होता. सुलू वॉर्डाच्या दाराशी दुपारच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती.

तेवढ्यात गावाहून धाकूचा, तिच्या दिराचा, फोन आला. "वहिनी, देवळात उभा हाय. गुरवकाका गाऱ्हाणं घालतायत. फोन स्पीकरवर हाय, तुम्ही तिकडून होय म्हणा."

गुरव देवापुढे एकेक ओळ मांडतो आणि ज्याचं गाऱ्हाणं, त्याने प्रत्येक ओळीला 'होय महाराजा' म्हणायचं, अशी रीत.

"बा देवा महाराजा, ही तुझी लेक आज संकटात पडली आहे..."

"होय महाराजा."

"हिच्या हातून चूक घडली, म्हणून तू हिच्या पोरांवर कोपलास, ती चूक पदरात घे रे महाराजा..."

या ओळीला सुलूने होय म्हटलं नाही. कुठली चूक? दोन वर्षं रोज तिने आठवून आठवून जीव शिणवला होता, एक सापडली नव्हती. होय म्हणायचं म्हणजे अनिश आपल्या पापाने गेला, असं देवासमोर कबूल करायचं. आणि नाही म्हटलं, तो रागावला, तर? नेहाचं काय?

"वहिनी, रेंज गेली काय?"

"नाय भावोजी, ऐकतेय."

"मग म्हणा की! एका शब्दाने काय जातंय?"

धाकू मनाचा वाईट नाही. पण स्वतःची पोरं धडधाकट असली की दुसऱ्याची चूक माणसाला चटकन दिसते.

"गुरवकाका, ती ओळ सोडा. माझी चूक नाय. त्याला ठाऊक हाय ते."

इतक्यात सिस्टर बाहेर आली. "नेहाची आई? अकरा हजार झाल्यात. पिशवी आली का?"

"तिचे पप्पा आणतायत... निघालेत."

धाकूने ते ऐकलंच. "बघा वहिनी! अजून वेळ हाय, म्हणा."

सुलूने देवाला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. मग डोळे पुसले आणि ओढणी डोक्यावर घेतली. "गुरवकाका, आहात ना? राखणीचं म्हणा."

म्हातारा गुरव खाकरला. "या लेकराची राखण कर रे महाराजा..."

"होय महाराजा!" सुलू म्हणाली. इतक्या मोठ्यांदा, की आत खाटेवरून नेहाने बारीक आवाजात विचारलं, "आई, कोणाला ओरडतेयस?"