खंड्याला पलीकडे सोडलं

बाळांनो, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. तुम्ही लिहिलंत, कुत्र्याचं पिल्लू देण्याआधी ती बाई तुमचं घर पाहून गेली, आणि नकोसं झालं तर मलाच परत द्या म्हणाली. तुम्हाला तिचं नवल वाटलं. मला त्या दिवशी घास उतरला नाही.

लढाईच्या दिवसांत आम्ही सांगलीत होतो. दिवाळीनंतर माण भागातले धनगर मेंढरं घेऊन यायचे, खतासाठी शेतांत कळप बसवायचे. त्यांच्यातल्या हौसाबाईकडे मी तिच्या कुत्रीचं पिल्लू विकत मागितलं. ती हसली. "आवं बाई, लेकरू कुनी इकतं व्हय?" मग घरी आली, अंगण निरखलं, पिलाच्या आईसाठी ओंजळभर ज्वारी मागून घेतली आणि खंड्याला माझ्या मांडीवर ठेवलं. "बांधू नगासा, चावरं हुतंय. आन् नगं झालं तर आमी येस्तवर थांबा. वाटंवर सोडू नगासा."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

मी त्याला बांधलं. मला सगळं जागच्या जागी लागायचं — भांडी, पुस्तकं, कुत्रंसुद्धा. वर्षभरात तो खरंच चावरा झाला. शेजारणीच्या पायाचा लचका तोडला.

धनगर यायचे दिवस जवळ आले होते. थांबता आलं नसतं का? आलं असतं. पण त्याच्या गळ्यावर साखळीचा व्रण होता — चिघळलेला. तो हौसाबाईला दिसला असता. खरं सांगते, शेजारीण हे निमित्त. मला त्या व्रणाची लाज वाटत होती.

गावाबाहेरून होडीनं त्याला नदीपलीकडे नेलं. भाकरी टाकली. तो खात होता, तेवढ्यात मी परत होडीत बसले.

हौसाबाई आली, त्याच्या आईला घेऊन. मी म्हटलं, साप चावून गेला. ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "कुटं पुरलाय?"

हे ती विचारील असं मला वाटलंच नव्हतं. मी लिंबाखालची जमीन दाखवली. तिनं तिथं हळद वाहिली, दूध ओतलं. कुत्रीनं माती हुंगली आणि ती बाजूला झाली.

"आईला वळखू येईना बगा," डोळे पुसत हौसाबाई म्हणाली. "लय दिस झालं आसत्याल." मग माझ्याकडे वळली — मी रडत होते ना! "रडू नगासा, बाई. तुमी बी जीव लावलासा की."

निघताना म्हणाली, "उद्या नदीपल्याड बसनार हाय आमी."

पलीकडे. त्याच काठावर. तिची हाक, त्याच्या आईचा वास — खंड्या कुठंही असता तरी आला असता. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, "सावकाश जा."