भोंगाकाका आणि फोनमधली बाई

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना सगळे भोंगाकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी बस स्थानकावर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर हरवलं. घरी ते मीठ मागायचे तेव्हाही खाली आम्हाला ऐकू यायचं. काकू म्हणायच्या, "अहो, मी समोर बसलेय, फलाट तीनवर नाही."

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायची वेळ आली आणि जीभ जड झाली. तोंडातून नुसतं ओलं, घोगरं काहीतरी यायचं. मला त्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. काकूंना सगळं कळायचं. त्यांचं बोलणं अर्ध्यावर असतानाच त्या पाण्याचा पेला पुढे करायच्या.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. आईने एकटीने किती लक्षात ठेवायचं, म्हणून तिने बाबांना बोललेलं ऐकणारा फोन आणून दिला. "बाबा, नुसतं सांगायचं, आठ वाजता गोळीची आठवण लाव. बरोबर आठला तो सांगेल."

काकांनी सांगितलं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

काकांनी पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा समजलं नाही. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी त्यांनी फोन गादीवर भिरकावला आणि दोन दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हट्टाला पेटले. रोज दात घासून झाले की खिडकीशी बसायचे. "आ...वण... ला." माफ करा. "आठ...ण... लाव." माफ करा. खाली चहा पिताना मला ते ऐकवायचं नाही. मी रेडिओ मोठा करायचो.

दीड महिन्याने काकू कणकेच्या हातांनी धावत खाली आल्या. "लावली! तिने आठवण लावली!"

मग काका सुटलेच. गोळी, डोळ्यांतले थेंब, व्यायाम, दवाखान्याची तारीख. काकू स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरायच्या, तीही त्यांनी लावून ठेवली. "घरात आता दोन बायका झाल्यात," काकू मला म्हणाल्या, "आणि हे दुसरीचंच ऐकतात." कुरकुर करत होत्या, पण चेहरा उजळला होता.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, भर दुपारी, काकू ओट्यापाशी कोसळल्या.

पुढचं मला काकांनीच सांगितलं, एक-एक शब्द जुळवत; ते सांगायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली. फोन टेबलावर होता. "लेकीला फोन लाव," असं त्यांनी फोनला कधी सांगितलंच नव्हतं. लेक रोज स्वतःच फोन करायची. घाईत जीभ आणखी लटपटली. माफ करा. पुन्हा माफ करा. शेवटी जे एकच वाक्य त्यांना धड येत होतं ते तोंडातून निघालं, "आठवण लाव."

"कशाची आठवण लावू?"

"हि...ची."

"कधीची?"

"आत्ता."

"ठीक आहे," असं म्हणून फोन गप्प झाला.

मग ते काठीने जमिनीवर ठोकू लागले. खाली मी ते ऐकलं. ही त्यांची व्यायामाची वेळ, काठी रोजच आपटायची. मी छताकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर उघडला. ठोकणं थांबेना तेव्हा कुठे वर गेलो. काका फरशीवर बसले होते, काकूंचं डोकं मांडीवर घेऊन, डाव्या हाताने अजून ठोकत.

डॉक्टर म्हणाले, सगळं क्षणात संपलं असणार, लवकर आला असतात तरी उपयोग झाला नसता. काकांनी ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं.

महिन्याभरात लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. गेल्या आठवड्यात मी तिकडे भेटायला गेलो. त्यांचं बोलणं खूप सुधारलंय. जावयाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना कळतं. फोन बाजूलाच होता. चार वाजता त्याने गोळीचं सांगितलं, काकांनी मुकाट्याने गोळी घेतली.

लेक चहा करायला आत गेली तेव्हा मी सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी मला पहिल्यापासून ऐकू येत होतं. मला वाटलं, व्यायाम चाललाय."

ते माझ्याकडे वळले.

"किती... वेळ?"

"वीस मिनिटं असतील."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा उजवा हात खुर्चीवरून घसरून खाली लोंबत होता. त्यांनी डोळ्यांनीच तिकडे खुणावलं. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.