मॅनेजर मजेत आहे

सदर इसम एका हॉटेलच्या धुलाईखान्यात स्वखुशीने काम करतो. निवास मोफत व सुरक्षित. पासपोर्ट हरवू नये म्हणून मालकाच्या तिजोरीत. कुटुंबाशी संपर्काची सोय दर रविवारी, मुकादमाच्या फोनवरून, स्पीकर लावून, म्हणजे मुकादमालाही नीट ऐकू येतं. तक्रार: निरंक.

सदर इसमाला खोलीतले सगळे 'मॅनेजर' म्हणत. पहिल्याच फोनवर आईने विचारलं होतं, "काम कसलं रे?" दिवसभर परक्यांच्या चादरींना इस्त्री करतो आणि बाहेर पाऊल टाकता येत नाही, हे सांगायला जीभ रेटेना. "मॅनेजर आहे, मजेत आहे," तो म्हणून गेला. मुकादमाने पाठ थोपटली. तेव्हापासून तेच म्हणायचा हुकूम झाला. नाहीतर फोन बंद आणि जेवणही. थाप याची, पहारा मालकाचा.

मग एका रविवारी ताई म्हणाली, "तुझे भावोजी येतायत तिकडे. तुमच्या मुकादमाच्याच माणसाने तिकीट काढून दिलं."

फोन हाताला इस्त्रीसारखा भाजला. मुकादम समोरच दात कोरत बसला होता.

"ताई, त्यांना पाठवू नकोस. मी मॅनेजर-बिनेजर काही नाही. कोंडून ठेवलंय आम्हाला."

मुकादमाने फोन हिसकावला नाही. दात कोरणंही थांबवलं नाही.

"वा रे वा! आजवर मजेत होतास, आणि माझ्या नवऱ्याचं नाव निघाल्याबरोबर पोटात दुखायला लागलं?"

"आईची शपथ, ताई..."

"आईला मध्ये आणू नकोस. पोरगा मॅनेजर आहे म्हणून तिने गावभर सांगितलंय. आता तिला तोंडघशी पाड!"

फोन ताईनेच ठेवला.

"घरच्यांचा काय विश्वास आहे रे तुझ्यावर!" मुकादम म्हणाला.

भावोजी नवा शर्ट घालून आले. त्यांना इस्त्रीचं शेजारचंच टेबल मिळालं. आधी ते रागापोटी मेहुण्याशी बोलत नव्हते. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. रविवारी फोन त्यांच्या हाती आला. मॅनेजरने डोळ्यांनीच विनवलं: खरं सांगा. भावोजींनी मुकादमाकडे पाहिलं, मग समोरच्या चादरीकडे.

"मजेत आहे गं," ते म्हणाले. "तुझ्या भावाच्या हाताखाली."

खोलीची कडी बाहेरून आहे.