हिरो जित्ता पायजे

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. कुरुंद्यात त्यांना वाटेत कोणी भेटलं तर "जेवण झालं का" म्हणून इचारत न्हाई. "द्वारकाबाई, आता काय बघू?" असं इचारतंय. आत्याबाई शिकल्या चौथीपर्यंत. मागं पाय मोडून खाटेवर पडल्या होत्या, तवा माझ्या नवऱ्यानं मोबाईलवर हिंदीत केलेली एक कोरियाची मालिका लावून दिली. पाय बरा झाला, मालिकेचं येड काय उतरलं न्हाई. आता कोरिया झालं, चीन झालं, जपान, थायलंड, सगळं पालथं घातलंय बाईनं!

आन् नुसतं नाव सांगून मोकळ्या होत न्हाईत. आधी तपासणी. "मागच्यात काय आवडलं? कुठं रडलीस? सध्या घरात कोणाचा राग हाय?" मग औषध. आळीतल्या पारुबाईला सासूची जिरलेली बघायची होती. "थायलंडचं घे," आत्याबाई म्हणल्या, "तिथल्या सासवा आपल्याहून बेकार, अन् शेवटी अशी थापड बसते की तुझं काळीज थंड होतंय." निताला सांगितलं, "चीनचं बघ, लांब केसाचे गडी हवेत उडतेत. पण भाग लई हायेत, तुझं सोयाबीन घरात येईल तरी संपायचं न्हाई." आमच्या मामंजीला जपानचा सिनेमा दिला. त्यात एक म्हातारा दिवसभर खिडकीत बसतो अन् कोणाशी बोलत न्हाई. मामंजीनं तो दोनदा बघितला अन् "बराबर हाय" एवढंच म्हणले.

पण आत्याबाईची खरी करामत वेगळीच. ज्या मालिकेचा शेवट वाईट, तिला त्या हद्द घालून देतात. "दोघं बोटीत बसतेत ना, तिथंच थांबायचं. फुडं बघायचं न्हाई. गोष्ट तिथंच संपली." मी एकदा म्हणलं, "असं कसं आत्याबाई? बनवणाऱ्यानं फुडं बनवलंय की!" तर माझ्यावरच उखडल्या. "बनवणाऱ्याला काय जातंय? त्याला सकाळी उठून वावरात हळद मोडायला जायचं हाय का?" आता बोला! आमच्या आळीतल्या निम्म्या बायांना आजही वाटतंय, ती बोट सुखरूप काठाला लागली.

तर ह्या हद्दीवरूनच औंदा रामायण झालं.

शेजारची सुमनबाई अन् आत्याबाई एकाच साली लगीन होऊन गावात आल्या, तवापासूनच्या जिवाभावाच्या. सुमनबाईचा हरीश मिलिटरीत. हळद काढायच्या दिवसांत त्याचा फोन आला, "आई, वर बर्फात चाललोय, थोडे दिवस फोन लागायचा न्हाई." सुमनबाईला घर खायला उठलं. आत्याबाईकडं आली. "माझ्या हरीशसारखं कोणी असंल असलं सांग गं." आत्याबाईनं सैनिकाची मालिका सांगितली अन् बजावलं, "टेशनावर आई त्याला निरोप देते, तिथं थांब."

दुसऱ्या दिवशी सुमनबाई हरखून आली. "बाई गं, नाक सोडलं तर माझा हरीशच की हो!" मी बघितलं. हरीशभाऊजी काळेसावळे, मिशीवाले, अन् हे पोरगं लोण्यात घोळून काढल्यावानी. पण आईला कोण सांगणार? "व्हय मावशी, डिट्टो," म्हणलं.

थांबायची कशाची ती! टेशनाच्या फुडं गेली, शेवटापर्यंत गेली. अन् शेवटी ते पोरगं बर्फात मरतंय.

आमच्या वावरात हळद काढून ढीग पडलेला, दहाबारा बाया कंद मोडायला बसलेल्या. सुमनबाई आली, ढिगाच्या पल्याड गेली अन् आत्याबाईकडं पाठ करून बसली. आत्याबाईनं हाक मारली तर म्हणली, "बोलू नकोस माझ्याशी. तू मला माझं पोरगं मेलेलं दाखवलंस."

सगळ्या बायांचे पिवळे हात जागच्या जागी थांबले. सुमनबाईनं त्या दिवशी डबा उघडला न्हाई, दुसऱ्या दिवशीही न्हाई. फोन नुसता मुठीत धरून बसायची. मला असा राग आला! घरी येऊन म्हणलं, "तुमी बजावलं होतं ना थांब म्हणून? मग बघितलं काहून तिनं?"

आत्याबाई म्हणल्या, "आई हाय ती. पोराला टेशनावर सोडून कोणती आई थांबंल? मीच येडी." अन् एकदम ताठ बसल्या. "प्रियंका, तो माणूस खरा तर मेला न्हाई ना? दुसऱ्या मालिकेत काम करतच असंल की! त्याचं दुसरं काढ. जित्तं राहिलेलं."

झालं! मी मोबाईल घेऊन बसले. एका मालिकेत तो गच्चीवरून पडतो. दुसऱ्यात राजा होतो अन् इष खातो. तिसऱ्यात तर पहिल्याच भागात गाडीखाली येतो, फुडं नुसता फोटो अन् हार. आत्याबाईनं कपाळावर हात मारला. "ह्या मुडद्यानं मरायचा ठेका घेतलाय का गं?"

शेवटी डोंगरकडा गावातल्या पुनमला फोन लावला. पुनम माझी मैत्रीण, तिचं पार्लर हाय, अन् फेशियल करताकरता दुनियाभरचं बघत असती. तिनं चटकन सांगितलं, "एक हाय. त्यात तो खाणावळ चालवतो." आत्याबाईनं फोन माझ्या हातातून ओढलाच. "मरतो का? पडतो का? दवाखाना दाखवलाय का? याद जाते का? बोटीत बसतो का?" पुनम हसून हसून बेजार. "न्हाई हो काकू, काहीच होत न्हाई. जेवू घालतो अन् शेवटी लगीन करतो."

आत्याबाई अशा खूश झाल्या! "हेच पायजे! आगदी हेच!" एकच तकलीफ होती, ती मालिका हिंदीत नव्हती. सगळं कोरियाचं बोलणं अन् खाली इंग्रजी. मग माझं बीए कामाला आलं.

दुपारी चिंचेखाली बाया जेवायला बसल्या तशी मी सुमनबाईपाशी गेले. "मावशी, हरीशनं खाणावळ टाकली बघा." तिनं तोंड फिरवलं. मी फोटो फुडं धरला. बघितलं तिनं, अन् बघतच राहिली. "केस केवढे वाढवलेत मेल्यानं," म्हणली. हातातला फोन सोडायला तयार न्हाई, म्हणून तिच्याच फोनवर लावलं. मी इंग्रजी वाचायची अन् आमच्या भाषेत ओरडून सांगायची. बाया अशा गोळा झाल्या की मला श्वास घ्यायला जागा न्हाई. आत्याबाई तेवढ्या लांब, बुंध्याआड. आपण दिसलो तर सुमन उठून जाईल म्हणून. पण मान अशी लांब केली होती की मलाच हसू फुटायचं.

रोज दुपारी तेच. हिरो भात रांधायचा, सुमनबाई एकेक घास खायची. रुसलेली हिरोईन निघून गेली तवा पारुबाईनं शिव्या घातल्या, परत आली तवा निता टाळ्या पिटत उठली. लग्नाच्या भागाला तर शेजारच्या वावरातल्या बायाही आल्या. नवरदेव काळ्या कोटात, नवरी पांढऱ्या झग्यात. "एवढी गोरी पोरगी अन् अंगाला हळद न्हाई?" पारुबाई कळवळली. "गप गं! मुहूर्त टळून राहिला," सुमनबाई तिच्यावर खेकसली.

नवरदेवानं अंगठी काढली, नवरीनं हात फुडं केला, अन् चित्र गेलं! स्क्रीनवर नाव आलं: हरीश.

आमी सगळ्या गार. सुमनबाईनं कसाबसा फोन कानाला लावला. "हरीश? बरा हायेस ना बाळा? हातपाय धड हायेत ना? जेवलास ना? मग ठेव आता, इथं तुझं लगीन लागून राहिलं!"

अन् ठेवला की हो! ज्या फोनसाठी इतके दिवस घास उतरत नव्हता, तो ठेवला! आमी हसावं का रडावं? लगेच माझा फोन वाजला. हरीशभाऊजीच. "वहिनी, आईला काय झालं? माझं लगीन कोणासंग लावून राहिलेत?" मला हसण्यापायी बोलता येईना. तेवढ्यात बुंध्याआडून आत्याबाई धावत आल्या अन् माझा फोन घेतला.

"हरीश, मी द्वारकामावशी. लगीनबिगीन काही न्हाई रे, गंमत हाय. तिथं मोबाईलवर काही बघता येतंय का? मग सांग, तुला रडायचं हाय का हसायचं? एक लई चांगली मालिका हाय बघ..."

"द्वारके!" सुमनबाई डोळे पुसत, पदर सांभाळत बायांना ढकलत फुडं आली. "द्वारके, त्याला ते सैनिकाचं सांगशील तर बघ! त्याला खाणावळीचं सांग!"

"खाणावळीचंच सांगून राहिले की गं," आत्याबाई म्हणल्या, अन् फोन तिच्या हातात देता देता रडायलाच लागल्या.