लाटव्हियाचं फावडं आणि सांगलीचं उलथनं

नागोयाच्या मराठी मंडळींचा निरोप आला, "येताना एखादं छान विनोदी नाटक घेऊन या." मी म्हटलं, विनोदी नाही, लाटव्हियन आणते. हो, लाटव्हियन! नकाशात बाल्टिक समुद्राच्या काठाला शोधा, सापडेल.

याचं सगळं खापर इल्झेवर. तोक्योच्या कोतो भागात मी एका बेकरीत बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. लाटव्हियाची इल्झे तिथे राय नावाच्या धान्याचा काळा पाव करते आणि मळता मळता आपल्या देशातल्या एका नाटककाराबद्दल बोलत राहते. त्यांचं आडनाव आमच्यापैकी एकाच्याही जिभेवर बसेना, म्हणून आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये ते 'अण्णा' झाले. अण्णा शेतगड्याचा मुलगा. आई जमीनदाराच्या घरी स्वयंपाकाला, आणि हे चुलीशेजारी बसून मोठ्यांची भांडणं ऐकत मोठे झाले. पुढे गावात मास्तरकी केली आणि रात्री नाटकं लिहिली. नाटकात राजे नाहीत, देव नाहीत. भट्टी, दोरीवर वाळणारे ओले मोजे आणि मनातलं ओठांवर न आणणारी माणसं. शहरातले लोक म्हणायचे, हे काय बघायचं? अण्णांनी ऐकलं नाही. छातीच्या दुखण्याने लवकर गेले, पण शेवटपर्यंत कुणाच्याही तोंडी गोड खोटं घातलं नाही.

आमचं नाटक त्यांचं शेवटचं. घरात पाव भट्टीत सरकवायचं लांब लाकडी फावडं असतं. ते जिच्या हातात, ती घराची मालकीण. सून वर्षानुवर्षं वाट बघतेय आणि सासू फावडं सोडत नाही. शेवटी सून हात पुढे करते, सासू फावडं मांडीवर घेऊन बसून राहते, भट्टी विझते. संपलं. इल्झेने मला इंग्रजी-जपानीची खिचडी करून एकेक वाक्य समजावलं आणि मी वर्षभर बसून ते मराठीत आणलं. तिची अट एकच होती, "शेवटाला साखर घालू नकोस."

आणि आमच्या दिग्दर्शकाला, केदारला, नेमकी साखरच घालायची होती. "मृणाल, लोक सुट्टीच्या दिवशी मुलंबाळं घेऊन येतात गं. सासूने फावडं द्यावं, मिठी मारावी, पडदा." आमची यावरून रोज जुंपायची. शेवटी तो म्हणाला, "बरं, नागोयाला तुझा शेवट. आपटला तर पुढे गुपचूप फार्स करायचे." सून मी होते. सासूचं काम करणारी मैत्रीण नवऱ्याची बदली झाल्याने पुण्याला परतली, तेव्हा ती जागा घेतली माझ्या खऱ्या सासूबाईंनी. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आठवड्याभरात त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. माझं नॉनस्टिकचं उलथनं कपाटात गेलं, त्यांचं लोखंडी, लाकडी मुठीचं बाहेर आलं. मी हात लावला की, "राहू दे, तुला जमायचं नाही." त्यांना भूमिका समजावून सांगायची वेळच आली नाही!

शनिवारी सकाळी इल्झेसकट आम्ही सगळे आमच्या हिगाशी-कसाईहून निघालो. तोझाई लाइनच्या मेट्रोने ओतेमाची, तिथून जमिनीखालून चालत तोक्यो स्टेशन. सोबत मुलं असतील तर हा चालण्याचा वेळ हाताशी ठेवा. नोझोमी शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड-पावणेदोन तासांत नागोयाला टाकते, भाडं अकरा हजार येनच्या आसपास. हायवे बस अर्ध्याहून कमी पैशांत नेते, पण पाच-सहा तास पाठ मोडते. फुजी बघायचा असेल तर जाताना उजव्या हाताच्या खिडक्या घ्या. मोठं सामान असेल तर डब्यातली शेवटची रांग आधी बुक करावी लागते, कारण तिच्या पाठीमागे सामानाची जागा असते. आमचं फावडं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, तिथेच आडवं झोपलं. नवऱ्याने, निखिलने, ते स्वतः सुतारकामाच्या हौसेने केलं होतं.

फुजी दिसला, अगदी स्वच्छ! आईंनी बसल्या जागेवरून हात जोडले आणि डबे उघडले. थालीपीठ, लोणी, भडंग. शेजारच्या आजोबांनाही भडंग दिलं, त्यांनी मान तुकवून दोन्ही हातांनी घेतलं. नागोया जवळ आल्याची घोषणा झाली आणि आम्ही सगळे कचऱ्याला भिडलो. जपानात राहून अंगात मुरलंय ते. प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची झाकणं वेगळी, सीटखालचा कुरमुऱ्याचा दाणासुद्धा टिपला. केदार तर ओल्या रुमालाने ट्रे पुसत होता. डबा आरशासारखा करून आम्ही ऐटीत उतरलो, गाडी सुटली, आणि इल्झे म्हणाली, "फावडं?"

कचरा एकूणएक उचलला आणि नाटकाचा जीव ओसाकाकडे निघून गेला.

स्टेशनमास्तरांना मी जपानीत सांगितलं, "पाव भट्टीत सरकवायचं लाकडी फावडं. माणसाच्या उंचीचं. चादरीत." त्यांनी एकही भुवई न हलवता लिहून घेतलं, फोन लावला. शिन-ओसाकाला उतरवून ठेवतील, पण दुपारच्या प्रयोगाआधी मिळणं शक्य नाही. नागोयात सकाळी अकराच्या आत कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतं, त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. जरूर खा. आम्हीही खाल्लं, म्हणजे चावलं. लक्ष सगळं फावड्याकडे.

"हा शकुन समज," केदार म्हणाला. "आता फावडंच नाही, तर मिठीच मारा. शेवट बदलतो."

"वर्षभर मेहनत केली रे मी!" माझा आवाज चढला. जपानी कॉफीहाऊसात सगळ्या माना वळल्या, पण मला पर्वा नव्हती.  

आईंनी शांतपणे टोस्ट संपवला, पिशवीत हात घातला आणि टेबलावर उलथनं ठेवलं. लोखंडी, सांगलीचं. उद्या नागोयाच्या यजमानांकडे थालीपीठं करायची म्हणून बरोबर घेतलेलं.

"काकू, हे?" केदार म्हणाला.

"अरे, ते फावडं मला निखिलने दिलेलं. ते धरून नाटक करावं लागत होतं. हे मी खरंच कुणाला देत नाही. विचार हिला."

मी कपाळावर हात मारला. पण इल्झेने उलथनं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. म्हणाली, "हेच. फावडं अण्णांच्या आईचं होतं. हे तुमच्या आईचं."

म्युनिसिपालिटीचं सभागृह होतं. अशी सभागृहं स्वस्त मिळतात, मात्र चपला बाहेर काढायच्या आणि वेळ संपताच झाडून-पुसून परत द्यायचं. शंभरेक माणसं, निम्मी मोटारींच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांची कुटुंबं. सुरुवातीला आईंनी उलथनं कमरेला खोचलं तेव्हा हशा पिकला.  केदार विंगेतून 'मिठी, मिठी' असे हातवारे करत होता. पण दुसऱ्या अंकात हसणं विरलं. आयांना मुलांना गप्प करावं लागेना, कारण मुलं आपोआपच गप्प झाली होती.

शेवटचा प्रसंग आला. मी हात पुढे केला. आईंनी उलथनं मांडीवर घेतलं, मूठ घट्ट केली आणि माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी माझ्याकडे घरात कधीच बघितलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. हे दिलं तर मी कोण उरले, ही भीती. मला खरंच रडू फुटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "देऊ नका हो!" आणि मागून एक तरुण मुलगी ओरडली, "द्या की आता! किती वर्षं?" दिवे मालवले. आणि टाळ्यांचा असा कडकडाट की बास! माणसं उठून उभी राहिली. आजी आणि ती मुलगी, खऱ्याखुऱ्या सासू-सुना निघाल्या, दारात वाद घालत होत्या आणि दोघींचे डोळे वाहत होते. केदारने माझ्यासमोर कान पकडले. "जिंकलीस बाई. फार्स कॅन्सल." आमची आठ वर्षांची सई आपल्या आजीला बिलगून जपानीत "काक्कोई, काक्कोई!" करत होती. "म्हणजे काय गं?" "म्हणजे तू भारी!" इल्झेने स्वतः केलेला काळा पाव आणला होता, तो तिने तोडून सगळ्यांना वाटला. म्हणाली, "अण्णा असते तर शेवटच्या रांगेत बसले असते आणि निघताना कुणालाच भेटले नसते." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी काय सांगू, त्या दिवशी मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

फावडं कुरिअरने घरी आलं. आता बाल्कनीत उभं आहे. टाकायचं तर पालिकेचं मोठ्या कचऱ्याचं विकतचं स्टिकर लागेल, पण टाकतंय कोण?

परवा आईंचा मुक्काम संपला. नारिता विमानतळावर सोडून घरी आले, चहा ठेवायला गॅसपाशी गेले, तर शेगडीवर लोखंडी उलथनं. घासून, पुसून, मूठ माझ्याकडे करून ठेवलेलं. मी लगेच फोन लावला. त्या विमानात बसायच्या रांगेत होत्या.

"आई, उलथनं राहिलं तुमचं."

"विसरले बाई," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "वापरत राहा, नाहीतर गंजेल. पण परत आले की माझं मला लागेल हं."